बाबा, बातम्या आणि ७९२

डिजिटल रेडिओची एक गंमत आहे. तो कधी खरखरत नाही. एक तर एकदम स्वच्छ वाजतो, नाहीतर मुका होतो. जुना एएम रेडिओ आधी खरखरायचा, मग निवेदक विहिरीच्या तळाशी बसून बोलतोय असं वाटायचं, पण बातमी कळायची. डिजिटलमध्ये चुका दुरुस्त करता येतील इतका सिग्नल असेल तोवर सगळं झकास. त्याच्या खाली गेला की शांतता.

ही शांतता माझ्या बाबांना फार त्रास द्यायची. त्यांना दोन्ही कानांना मशीन आहे. रोज सकाळी विश्रांतवाडीहून हिंजवडीला जाताना मी त्यांना खडकीला सोडतो आणि वाटेत त्यांना आकाशवाणी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या हव्या असतात. साध्या एएमवर कानातलं मशीन शब्दांबरोबर खरखरही मोठी करतं, म्हणजे ऐकणं संपलंच. डीआरएमवर मात्र शब्दन् शब्द कळतो. आकाशवाणीने मागच्या दशकात मीडियम वेव्हची ३५ प्रक्षेपण केंद्रं या डिजिटल पद्धतीसाठी सज्ज केली, त्यात पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झही आलं. आमच्या गाडीत डीआरएम रेडिओ कंपनीतूनच आलाय.

पण घर ते खडकी एवढ्यात तो सात-आठ वेळा मुका व्हायचा. आणि दर वेळी बाबांचा हात कानाकडे जायचा. त्यांना वाटायचं, आपलंच मशीन बंद पडलं.

'मोबाईलवर अ‍ॅप लाव की' असं तुम्ही म्हणाल. लावलं होतं. पण त्याच वेळी मला ऑफिसचे कॉल येतात आणि बातम्या तिथेच लटकतात.

अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात विचारलं तर उत्तर एकच, "बूस्टर टाका साहेब." मी नाही टाकला. बूस्टर सिग्नल वाढवतो तसा आत शिरलेला गोंगाटही वाढवतो, दोघांमधलं अंतर तेवढंच राहतं. आणि रेडिओला शब्द ओळखायला ते अंतरच लागतं. मग गोंगाट येतो कुठून?

डिजिटल मोड हे सांगत नाही, तो नुसता गप्प बसतो. म्हणून मी उलटं केलं. एका रविवारी गाडी धानोरीच्या बाजूला मोकळ्यावर नेली, डीआरएम बंद करून साधं एएम लावलं आणि खरखरीलाच मीटर केलं. आधी इंजिन बंद, सगळ्या वायरी काढलेल्या. मग एकेक गोष्ट चालू करत गेलो. इंजिन: थोडी खरखर. एसीचा पंखा: काही नाही. डॅशकॅमचा चार्जर खोचला आणि... च्यायला, मधमाश्यांचं पोळं फुटल्यासारखा आवाज!

कारण सोपं आहे. चार्जर १२ व्होल्टचे ५ करताना सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो. तो ४०० किलोहर्ट्झच्या आसपास चालत असेल तर त्याची दुप्पट ८०० च्या आसपास, म्हणजे ७९२ च्या अगदी दारात. इलेक्ट्रिक गाड्यांत तर मोटरचा इन्व्हर्टर हाच उद्योग मोठ्या प्रमाणावर करतो. परदेशात काही कंपन्यांनी इलेक्ट्रिक गाड्यांतून एएम काढून टाकलं ते याचसाठी.

मग तीन कामं केली. चार्जर बदलला, आणि नवा घेण्याआधी याच एएमवर तपासून घेतला. डॅशकॅमची वायर अँटेनाच्या केबलशेजारून जात होती, ती दुसऱ्या बाजूच्या खांबातून नेली आणि फेराइटच्या कड्यातून पाच-सहा वेढे देऊन घेतली. नुसतं एकदा कडं अडकवून मीडियम वेव्हवर फारसा उपयोग होत नाही, वेढे हवेत.

तिसरं काम छतावर होतं. ७९२ किलोहर्ट्झची तरंगलांबी जवळजवळ ३७९ मीटर आणि आपली दांडी अर्धा मीटरसुद्धा नाही. त्यामुळे गाडीचा पत्रा हा अँटेनाचा दुसरा अर्धा भाग असतो. दांडीच्या बुडाशी पावसाळ्याचा गंज धरला होता, म्हणजे हा जोडच कच्चा. घासून, घट्ट करून, वर रबराची सील नवी टाकली.

आता वाटेत दोनदाच आवाज जातो. एकदा रेल्वेच्या पुलाखाली, तिथे इलाज नाही. एकदा सिग्नलला शेजारी कुठलंतरी धूड उभं राहिलं तर. परत पकडायला रेडिओला दोन-चार सेकंद लागतात, कारण तो तुकडे जमवून, नीट लावून मगच बोलतो.

खर्च म्हणाल तर एक चार्जर, एक कडं आणि सील. तुमच्याही गाडीत डीआरएम असेल आणि तो लंगडत असेल, तर काही विकत घेण्याआधी एकदा सगळ्या वायरी काढून ऐका.

आणि बाबा? पुलाखाली गेलो की ते आता हात वर नेत नाहीत. मला म्हणतात, "पूल आला वाटतं."