डबा ऐसपैस

भावजयीचा परवा फोन आला. "वन्सं, तुम्ही अमेरिकेत जंगलात डबे हुडकत फिरत होता म्हणे. खरं का?" खरं आहे. लेकीकडे राहून आल्यापासून हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की एकदाच नीट लिहून टाकावं म्हणते.

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. कोणीतरी एक डबा कुठेतरी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी ते आकडे फोनवर घेऊन डबा शोधायचा. सापडला की आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथे, होता तसा ठेवून यायचं. बक्षीस नाही, निकाल नाही. (आमच्या शाळेत असा खेळ आणला असता तर पालकांनी पहिला प्रश्न विचारला असता, याला मार्क किती?)

जीपीएसचे उपग्रह अमेरिकेच्या लष्कराचे. पूर्वी ते सामान्य माणसाला मुद्दाम शंभरेक मीटर इकडेतिकडे होणारा पत्ता सांगत. मे २००० च्या अगदी सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही गडबड बंद झाली. आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी ऑरेगन राज्यात, पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीक गावाबाहेर एक बादली ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. आता बघू कोणाला सापडते! बादलीत पुस्तकं होती, थोडे पैसे, एक गलोल आणि शिजवलेल्या घेवड्याचा एक हवाबंद डबा. तीन दिवसांत ती दोघांना सापडलीसुद्धा. गंमत म्हणजे आज या खेळात डब्यात खाण्याची वस्तू ठेवायला सक्त मनाई आहे, कारण वासाने प्राणी येतात आणि डबा फोडतात. पहिल्याच बादलीने हा नियम आधीच मोडून ठेवलाय!

तशी मूळ कल्पना जुनीच आहे. इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळावर १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एका अवघड जागी बाटली ठेवली होती. तिथवर जो पोचेल त्याने आपलं कार्ड तीत टाकायचं. उपग्रह आले एवढाच फरक.

लेकीचं घर सिॲटलजवळ. २०२३ च्या उन्हाळ्यात मी तिकडे होते तेव्हा नात दहा वर्षांची होती आणि या खेळाचं वेड तिला नुकतंच लागलं होतं. तिच्या आईबाबांना वेळ नव्हता, मला भरपूर होता. गुडघे मात्र माझे होते तेच होते. त्यामुळे पहिली सूचना माझ्या वयाच्या मंडळींसाठी. प्रत्येक डब्याला दोन आकडे दिलेले असतात, एक ते पाच. पहिला, शोधायला किती कठीण. दुसरा, तिथवर चालायला किती कठीण. वाटेचा आकडा एक असेल तर चाकाच्या खुर्चीतूनही जाता येतं. पाच म्हणजे दोर, होडी किंवा तसलंच काहीतरी लागणार. मी दोनवर थांबत होते. शोधण्याचा आकडा कितीही असो, त्याला मी भ्याले नाही.

भ्याले नाही त्याला कारण आहे. तीस वर्षं मी परीक्षेत सुपरव्हिजन केलंय. कंपासपेटीतल्या कागदाखाली, बाहीच्या दुमडीत, बॉलपेनच्या नळीत कॉपीच्या चिठ्ठ्या सापडवल्यात. ती विद्या अमेरिकेत कामाला येईल असं मला कोणी सांगितलं असतं तर हसले असते. फोन तुम्हाला साधारण पाच मीटरपर्यंत आणून सोडतो, त्या उंच डग्लस फरच्या गर्द झाडीत तर दहापर्यंतच. नवखा माणूस तिथेही फोनकडेच बघत गोल गोल फिरत राहतो. तिथे फोन खिशात घालायचा आणि उभं राहून बघायचं. वर्गात कसं, सगळी मुलं लिहीत असतात आणि एकाचंच बसणं जरा जास्तच सरळ असतं, तसं काहीतरी दिसतं. काटक्या निसर्गात कधी एकाला एक लागून समांतर पडत नाहीत. तशा दिसल्या की खाली डबा. कुंपणाला बाकी सगळे बोल्ट गंजलेले आणि एकच चकचकीत? तो ओढून बघा, मागे लोहचुंबक असतो आणि आत सुरळी. वाहनतळावरच्या दिव्याच्या खांबांना बुडाशी पत्र्याचं झाकण असतं, ते वर सरकतं. झाकणाखालचा हा डबा मला नातीने दाखवला आणि मला तो मुळीच आवडला नाही. वाहनतळ बघायला कशाला जायचं? पण मोजणारे असतात, त्यांना आकडा वाढवायचा असतो. चालायचंच.

सर्वात लहान डबा बोटाच्या पेराएवढा असतो. त्यातला कागद काढायला भुवयांचा चिमटा जवळ ठेवावा. पेन आपलं आपण न्यावं, आत असेलच असं नाही. पेन्सिल त्याहून बरी, ओल्या कागदावरही उमटते. भोकात हात घालण्याआधी काठी घालावी. निघण्यापूर्वी मागच्या चार-पाच नोंदी वाचाव्यात. ओळीने सगळ्यांनी 'सापडला नाही' लिहिलं असेल तर बहुधा डबाच गेलेला आहे. आणि आपल्याला सापडला नाही तर तसं लिहावं. त्यात लाज कसली? त्या नोंदीवरूनच मालकाला कळतं की जाऊन बघायला हवं.

मोठ्या डब्यांत छोट्या वस्तू असतात. एक घ्यायची तर त्याच तोलाची किंवा चांगली ठेवायची. मी इथून कोल्हापुरी चपलांची डझनभर किचेन नेली होती, ती हां हां म्हणता संपली. एखाद्या वस्तूला क्रमांकाचा बिल्ला अडकवलेला असेल तर मात्र ती आपली समजायची नाही. ती प्रवासाला निघालेली असते. उचललीत तर पुढच्या डब्यात सोडा.

आता मास्तरकी थोडी करतेच. अंश, कला आणि कलेचे तीन दशांश असे हे आकडे लिहितात. शेवटचा अंक एकाने बदलला तर उत्तर-दक्षिण तुम्ही पावणेदोन मीटरच्या थोडे पुढे सरकता, सगळीकडे तेवढेच. पूर्व-पश्चिम मात्र सिॲटलला सव्वा मीटर आणि आपल्या साताऱ्याला पावणेदोन मीटर. असं का? कारण रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ जवळ येतात. पृथ्वीचा गोल हातात धरून हे मी किती वर्षं शिकवलं. नातीने ते एका ओढ्याकाठी पावलं टाकून मोजलं आणि आईला जाऊन सांगितलं, "आजीकडे पृथ्वी मोठी आहे." उत्तर पूर्ण बरोबर नाही, पण मी अर्धा मार्क दिला असता.

डब्यासोबत एक सूचक ओळ असते, ती उलटसुलट अक्षरांत. इंग्रजीची सव्वीस अक्षरं अर्धी-अर्धी करून समोरासमोरची बदलायची, एवढंच. नातीला मराठी बोलता येतं पण वाचायचा कंटाळा. मी म्हटलं, आपण मराठीत करू. क-वर्ग आणि त-वर्ग आपसात बदलायचे, च-वर्ग आणि प-वर्ग बदलायचे, मधला ट-वर्ग जागच्या जागी. 'दगडाखाली'चं झालं 'गदडाथाली'. 'झाड'चं 'भाड'. 'नाक' केलं तर 'ङात', आणि इथे आमचं घोडं अडलं. "आजी, हे ङ असतं कशाला?" गाडीत बसल्या बसल्या तिने सगळी वर्णमाला वर्गवार पाठ केली, कारण त्याशिवाय मला कोडं घालता येईना. रविवारच्या मराठी शाळेत दोन वर्षं जे झालं नव्हतं ते आठ दिवसांत झालं. तिच्या बाईंना मी हे सांगितलेलं नाही.

आपल्याकडे हा खेळ फार पसरलेला नाही. मुंबईत, पुण्यात डबे आहेत, थोडे. मला कारण उघड दिसतं. ज्या शहरात लोकलच्या प्रत्येक स्टेशनावर बेवारस वस्तूला हात लावू नका म्हणून वर्षानुवर्षं सांगितलं जातं, तिथे पुलाखाली वाकून डबा काढणाऱ्याकडे लोक कसे बघतील? तिकडेही हे घडतं. इंग्लंडात वेदरबी नावाच्या गावी २०११ साली असाच एक डबा बॉम्ब समजून पथकाने उडवून दिला होता. म्हणून शाळा, रेल्वे, पूल या जागा टाळायच्या, डब्यावर बाहेर ठळक लिहायचं आणि जागेच्या मालकाची परवानगी काढायची. लोकांच्या नजरेसमोर डबा काढायचा नाही हाही एक नियम. पंजाबी ड्रेस, स्वेटर आणि बूट घातलेली आजी नातीबरोबर झुडपात काही शोधतेय यात मात्र कोणालाच वावगं दिसलं नाही. फार तर कोणी विचारी, काही हरवलंय का? आणि शोधायला वाकू लागे!

आता जे सांगायचं होतं त्याकडे येते.

घरापासून वीस मिनिटांच्या वाटेवर, पडलेल्या सीडरच्या ओंडक्यामागे एक जुना डबा होता. लष्कराचा बंदुकीच्या गोळ्यांचा हिरवा लोखंडी डबा, झाकणाला रबर. २००६ पासूनचा. वहीत सतरा वर्षांची माणसं होती. आधी एकट्याचं नाव, मग दोघांचं, मग त्याच अक्षरात तिसरं लहान नाव. रबर फाटून पाणी आत गेलं होतं आणि निम्मी पानं एकमेकांना चिकटली होती. आम्ही मालकाला तशी नोंद पाठवली. उत्तर नाही. बघितलं तर मालकाचं शेवटचं येणं २०२० सालचं. आमच्या आधीही दोघातिघांनी कळवलेलं होतं. थोड्या दिवसांनी, हे सगळं तपासणारे जे स्वयंसेवक असतात त्यांनी तो डबा यादीतून काढून टाकला. नियमाप्रमाणे बरोबरच होतं. पण नातीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजी, डबा तर तिथेच आहे ना? मग नकाशावर का नाही?" मालक म्हातारा असेल का, आजारी असेल का, असं ती दोन दिवस विचारत राहिली. तिच्या आजोबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. तो हिशेब तिने केला की नाही, मला माहीत नाही. मी केला.

मग तिने ठरवलं की तिथेच आपण नवा डबा ठेवायचा. मी ठेवू शकत नव्हते. सुट्टीवर आलेल्या पाहुण्याने डबा लपवायचा नाही, कारण लपवणाऱ्याला येऊन-जाऊन त्याची निगा राखता आली पाहिजे. मला नियम पटला. म्हणजे मालकी लेकीने घ्यायची. आणि लेक म्हणाली, नको.

रात्री भांडी लावताना मी विचारलं, एवढं काय आहे त्यात? ती म्हणाली, "आई, निगा राखीन असं कबूल करावं लागतं त्यात. मी स्वतः इथे किती दिवस आहे ते मला ठाऊक नाही, आणि डब्याची हमी कशी देऊ?" त्या वर्षी तिकडे नोकरकपातीचं वारं होतं. व्हिसा नोकरीला बांधलेला, नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी बघायची नाहीतर गाशा गुंडाळायचा. जावई रोज सकाळी आधी मेल उघडत, मग चहा घेत. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चार महिने एका घरात राहून मी समजत होते की हे दोघे कामाने दमतात.

मी काहीच बोलले नाही. बोलायला काय होतं माझ्याकडे?

तोडगा नातीनेच काढला. नियमांत तिला सापडलं की मालकाला डबा सांभाळणं जमत नसेल तर तो दुसऱ्या खेळाडूला रीतसर देता येतो, आणि त्याला इंग्रजीत चक्क दत्तकच म्हणतात. "आई, आपण गेलो तर दत्तक देऊ!" लेक बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दे इकडे, कुठे लिहायचं?"

जागेची परवानगी मिळायला तीन आठवडे लागले. दुसऱ्या कोणत्याही डब्यापासून १६१ मीटर दूर हवं, ते मोजलं. आकडे एकदाच घ्यायचे नाहीत, वेगवेगळ्या दिवशी घेऊन सरासरी काढायची. नातीने सहा दिवस सरासरी काढली, हाताने. जावईबापूंनी झाकणाचं रबर तपासायला डबा रात्रभर बादलीत बुडवून ठेवला. माझं विमान ऑक्टोबरात होतं, त्याच्या आधीच्या शनिवारी डबा ठेवला. सूचक ओळ इंग्रजीत आहे, पण झाकणाच्या आत तिने मार्करने 'गदडाथाली' लिहून ठेवलंय.

प्रत्येक नोंदीची मेल मालकाला जाते आणि लेक ती मला इकडे पाठवते. सकाळच्या चहाबरोबर वाचते. कोणी कुत्र्याला घेऊन गेलेलं असतं, कोणी नुसतंच थँक्यू लिहितं. एका बाईंनी विचारलंय की झाकणावर ही कोणती लिपी. नातीने त्यांना सबंध पानभर उत्तर लिहिलं.

ती मंडळी अजून तिथेच आहेत. वही भरत आलीय. त्या भागात टाकोमा गावी पावसात न भिजणारा कागद बनतो, त्याची वही सहज मिळते, पण नातीला इथलीच हवी, शंभर पानी, लाल पुठ्ठ्याची. भिजेल गं, म्हटलं. तर म्हणे दोन पिशव्यांत घालीन. काल दोन वह्या कुरियरने धाडल्या. वह्यांच्या कितीतरी पट कुरियरचे पैसे झाले, तो आकडा भावजयीला सांगणार नाही.