आगीचा श्वास

सिलिगुडीहून दार्जिलिंगकडे निघालं की डोंगराचा चढ लागण्याआधी सुकना येतं. इथल्या छावणीत पोस्टिंग झालेल्या फौजीला सकाळच्या पी.टी.च्या शिट्टीइतकीच दार्जिलिंगच्या छोट्या गाडीची शिट्टी ओळखीची होते. १८८१ पासून दोन फुटी रुळांवरून ही गाडी घूमपर्यंत, म्हणजे २,२५८ मीटर उंचीवर चढते. तिच्या बी क्लास वाफेच्या इंजिनांची घडण १८८९ सालापासूनची. या इंजिनावर ड्रायव्हर-फायरमनखेरीज आणखी एक माणूस असतो, कोळसा फोडणारा. ढेकळं फोडून आगीला झेपतील एवढी करायची, हे त्याचं काम. आमच्या वर्कशॉपमधल्या हवालदार फिटरच्या वडिलांनी आयुष्यभर हेच केलं.

या फिटरना सगळे 'उस्ताद' म्हणत. महिनाअखेरीस ते पेन्शनवर जाणार होते. दोन वर्षं रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं पाच इंची गेजचं, म्हणजे १२७ मिलिमीटर रुळांवरचं, कोळशावर चालणारं इंजिन बांधत होतो. ते पाहायला कर्सियांगहून त्यांचे ऐंशीला टेकलेले वडील येणार होते. इंजिन दिसायला देखणं, पण मुलांचा डबा जोडला की दोन फेऱ्यांत प्रेशर खाली. हातात तीन आठवडे होते.

वाफेच्या इंजिनाला पंखा लागत नाही. सिलिंडरमधलं काम संपवलेली वाफ ब्लास्टपाइपच्या नोझलमधून चिमणीत सुटते आणि जाताना स्मोकबॉक्समधला धूर ओढून नेते. तिथला दाब उतरतो, म्हणून जाळीखालची ताजी हवा आगीतून आणि ट्यूबांमधून खेचली जाते. इंजिन जितकं राबेल तितका मोठा श्वास घेतं. आपण मापं लहान करतो, पण कोळसा, हवा आणि वाफ आपल्या गुणांनीच वागतात. मोठ्या इंजिनात खपून जाणारी फट छोट्याचा जीव घेते.

नोझल बारीक करणं हा सगळ्यांना सुचणारा उपाय. त्याने ओढ वाढते, पण वाफ बाहेर ढकलण्यातच पिस्टनची ताकद खर्च होते. मी तो विषय काढताच उस्ताद म्हणाले, "साब, गला दबाने से साँस नहीं बढ़ती."

मग मोजायचं ठरलं. एम.आय. रूममधून सलाइनच्या दोन कोऱ्या नळ्या आणल्या, यू आकारात वाकवून त्यांत रंगीत पाणी भरलं. एक स्मोकबॉक्सला जोडली, दुसरी फायरबॉक्सला. दोन्हींत पाणी भरपूर चढलं तर आगीचा थर किंवा राखेचा कप्पा तुंबलाय. स्मोकबॉक्सला चढलं आणि फायरबॉक्सला नाही, तर ट्यूबा तुंबल्यात. आमच्याकडे दोन्हींत पाणी जेमतेम हललं. याचा अर्थ वाफेची धार नीट ओढत नव्हती किंवा हवा भलतीकडून आत येत होती.

ब्लोअर चालू ठेवून स्मोकबॉक्सभोवती अगरबत्ती फिरवली. दाराच्या खालच्या कडेला धूर सर्रकन आत गेला. चिमणीतून सरळ सळई सोडली, तर ती नोझलच्या मध्यावर न येता दीड मिलिमीटर बाजूला उतरली. फट बुजवली, नोझल मध्यावर आणलं. नोझलपासून एकास सहा या प्रमाणात पसरणारी रेघ चिमणीच्या गळ्याला टेकावी, हा हौशी कारागिरांचा जुना आडाखा. तोही ताडून पाहिला. शेवटी एका भोकाऐवजी चार बारीक भोकं पाडली, एकूण क्षेत्रफळ आधीपेक्षा थोडं जास्त ठेवून. फ्रान्सचे आंद्रे शापलाँ आणि अर्जेंटिनाचे लिव्हिओ दान्ते पोर्ता यांनी मोठ्या इंजिनांवर हाच मार्ग धरला होता: वाफेची धार विभागली की तिचा धुराशी स्पर्श वाढतो, आणि पिस्टनवर उलटा दाब न वाढवता ओढ मिळते.

उरला कोळसा. ब्रिटनमधले हौशी लोक वेल्सच्या कमी धुराच्या कोळशाची शपथ घेतात. आपल्याला तो कुठला? आसामच्या कोळशात राख कमी, पण गंधक आणि धूर जास्त. पेन्सिलीएवढ्या ट्यूबांत काजळी धरते आणि ओल मिळाली की धातू खाते. झरियाचा कोकिंग कोळसा तापला की फुगून चिकटतो, जाळीवर पोळी बसते आणि हवा अडते. राणीगंजचा राख जास्त टाकतो, पण सुटा राहतो. दोन भाग राणीगंज आणि एक भाग कोक, हे मिश्रण आमच्या आगीला मानवलं.

वडील दोन दिवस आधीच आले. इंजिनाकडे एक नजर टाकून त्यांनी आधी कोळशाची बादली पुढ्यात ओढली आणि हातोडी मागितली. हरभऱ्याहून मोठे, सुपारीहून लहान तुकडे त्यांनी वेगळे काढले. उरलेली भुकटी चाळून फेकायला लावली. भुकटी जाळीच्या फटी बुजवते, नाहीतर ओढीबरोबर न जळताच ट्यूबांत जाते.

त्या शनिवारी चार मुलं बसवून इंजिनाने न थांबता अकरा फेऱ्या मारल्या. मुलं टाळ्या पिटत होती. बाबा मात्र चाकांकडे पाहतच नव्हते, त्यांची नजर चिमणीवर होती. धूर पातळ, करडा निघत होता. सातव्या फेरीला त्यांनी लेकाला खुणेनेच सांगितलं, आता थोडा टाक. उस्तादांनी चमचाभर कोळसा टाकला. प्रेशरचा काटा हलला नाही.

उस्ताद आता कर्सियांगला असतात. माजी सैनिकांपैकी कुणी असं इंजिन बांधत असाल आणि ते दमत असेल, तर नोझलला हात लावण्याआधी नळीत पाणी भरून बघा. आणि कोळसा हाताने निवडा.