खाँसाहेबांची बाजू

आधी एक कबुली देऊन टाकते. २०१५च्या दिवाळीत 'कट्यार काळजात घुसली' मी थिएटरमध्ये जाऊन बघितला, तो काही गाण्याच्या प्रेमापोटी नाही. त्याच आठवड्यात 'प्रेम रतन धन पायो' लागला होता, 'मुंबई-पुणे-मुंबई २' लागला होता. पण आमच्या ग्रुपमधल्या ज्या मुलाकडे माझं लक्ष होतं, त्याला क्लासिकल आवडायचं. म्हणून 'कट्यार'! तेव्हा मी मास कॉमच्या पहिल्या वर्षाला होते, त्यामुळे थिएटरबाहेर पडल्या पडल्या मत देणं हे माझं कर्तव्यच होतं. 'दिसतो छान, पण फारच ब्लॅक अँड व्हाइट आहे,' असं मी ठोकून दिलं. तो मुलगा पुढे अमेरिकेला गेला. मत मात्र माझ्याकडेच राहिलं.

ते मत हललं गेल्या मे महिन्यात. तेही कुठल्या फेस्टिव्हलला नाही, तर आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, मामाच्या ओटीवर.

दादाच्या गाडीतून आम्ही चौघं पुण्याहून निघालो होतो. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, हिंजवडीत आयटीवाला. सोबत वहिनी, आई आणि मी. वाई, पाचगणी, महाबळेश्वर करत खाली पोलादपूरकडे उतरलो. आंबेनळी घाट ज्यांनी केलाय त्यांना ठाऊक आहे. एका वळणावर प्रतापगड दिसतो, दुसऱ्या वळणावर पोटातला नाश्ता आठवतो. मोबाइलची रेंज जाते, कानांत दडे बसतात आणि मग गाडीत जे काही वाजत असेल ते निमूटपणे ऐकावं लागतं. वहिनीने 'कट्यार'ची गाणी लावली होती आणि वाद तिथेच सुरू झाला.

'सिनेमा बोअर आहे ग,' दादा म्हणाला. 'सुरी काय बोलते, सुरी काय गोष्ट सांगते!'

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विश्रामपूर नावाचं एक संस्थान. तिथल्या राजगवयाला मान म्हणून एक कट्यार मिळते आणि तिच्यासोबत एक खून माफ. संपूर्ण गोष्ट ही कट्यारच आपल्याला सांगते, रिमा लागूंच्या आवाजात. पंडित भानुशंकर हे राजगवई. त्यांच्याच शब्दावरून संस्थानात आलेले खाँसाहेब आफताब हुसेन दर वर्षी त्यांच्याशी सामना करतात आणि दर वर्षी हरतात. नवऱ्याची हार बघवत नाही म्हणून खाँसाहेबांची बायको पंडितजींना शेंदूर खाऊ घालते. पंडितजींचा आवाज जातो आणि कट्यार खाँसाहेबांकडे येते. पुढे पंडितजींचा शिष्य सदाशिव सूड घ्यायला येतो आणि खाँसाहेबांची गायकी त्यांच्याच हवेलीत राहून चोरून शिकतो. थोडक्यात, परीकथा. फक्त परीच्या जागी तानपुरा.

रात्री जेवणं झाली. मामीने फणसाचे गरे पुढे ठेवले आणि वहिनीने पेन ड्राइव्ह टीव्हीला जोडला. बाहेर किर्र अंधार आणि आत विश्रामपूरचा दरबार. सिनेमा संपला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते, पण झोप कुणाच्याच डोळ्यांवर नव्हती.

पहिला बॉल दादाचा. 'एवढी मोठी गायकी कोणी दाराआडून ऐकून उचलेल का? आमच्याकडे फ्रेशर्सना सहा महिने ट्रेनिंग देतो, तरी कोड लिहिता येत नाही.'

वहिनी विशारद आहे. तिची तक्रार निराळीच होती. 'एकेक गाणं चार-पाच मिनिटांत संपतं. राग उलगडायला वेळ नको का? पण खरं सांगू, त्या दिवाळीनंतर आमच्या क्लासमध्ये जी मुलं आली ना, ती हा सिनेमा बघूनच आली होती. म्हणून मी याला शिव्या देत नाही.' सदाशिवसाठी गाणाऱ्या महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, हेही तिने ऐकवलं.

आईचं मत नेहमीप्रमाणे 'आमच्या वेळी' या शब्दांनी सुरू झालं. १९६७ साली आलेलं पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, जितेंद्र अभिषेकींचं संगीत आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. बाबांकडच्या कॅसेटवर तिने ती पदं झिजेपर्यंत ऐकलीत. ती म्हणाली, 'वसंतरावांचा खाँसाहेब ऐकला की त्या माणसाचा राग येत नाही, त्याच्यासाठी जीव तुटतो. तुमच्या सिनेमात त्याला पार व्हिलन करून टाकलाय.' आणि मग माझ्याकडे वळून, 'ते वसंतरावसुद्धा कित्येक वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत होते हं. दिवसा आकडे, रात्री गाणं. तुझ्यासारखी नोकरी सोडून फ्रीलान्सिंग नाही केलं लगेच!' (आईला कुठलाही विषय माझ्या राजीनाम्यापर्यंत आणता येतो. 'मी वसंतराव' बघून आली होती तेव्हाही हेच.)

मामीने एकच मुद्दा मांडला. 'ती बाई. हरायचं यानं, चिडायचं यानं, आणि पाप कुणाच्या माथी? बायकोच्या.' यावर सगळे दोन मिनिटं गप्प.

मग माझा नंबर. मी माझं जुनं मत नव्या शब्दांत सादर केलं. सुबोध भावेंचं दिग्दर्शनातलं पहिलं पाऊल, सचिन पिळगांवकरांचा अभिनय, राहुल देशपांडेंचा आवाज, सगळं मान्य. पण खाँसाहेब हा माणूस म्हणून मला पटत नाही. इतका गुणी कलावंत इतका हलका कसा वागेल?

'वागतो की,' मामा म्हणाला.

एवढा वेळ तो खांबाला टेकून गरे सोलत बसला होता. आम्हाला वाटलं, झोपला.

आता मामाविषयी थोडं. पासष्टीचा आहे. तरुणपणी मुंबईत गिरणीत बदली कामगार होता आणि शक्ती-तुऱ्याचा शाहीर. शहरातल्या वाचकांना हा प्रकार 'बाल्या डान्स' म्हणून माहीत असतो, तो पायांत घुंगरू आणि गोल रिंगण असलेला. पण त्याचा खरा जीव सवाल-जवाबात. एका बाजूला शक्तीवाले, दुसऱ्या बाजूला तुरेवाले. शक्ती मोठी की शिव, यावर रात्रभर भांडायचं, तेही गाण्यातून, जागच्या जागी कवनं रचून. गावी गणपतीनंतर बाऱ्या रंगायच्या आणि मुंबईत चाकरमान्यांसाठी परळच्या दामोदर हॉलमध्ये. मामा शक्तीवाला. आवाज असा की ढोलकी दबावी, असं आई सांगते. मी मात्र त्याला कधीच गाताना ऐकलेलं नाही. 'गिरणी गेली, गाणं गेलं,' हे घरातलं ठरलेलं उत्तर होतं.

'गिरणीचा काय संबंध?' मामा म्हणाला. 'संप सुरू झाला ब्याऐंशीच्या जानेवारीत. गाणं गेलं त्र्याऐंशीत.'

समोर एक तुरेवाला शाहीर होता. वाकणाच्या खोऱ्यातला, मामाच्याच गिरणीतला. मामाच्या भाषेत सांगायचं तर 'डोक्याने माझ्या दोन पावलं पुढे.' तीन वर्षं हे दोघं समोरासमोर उभे राहत होते आणि तीनही वर्षं लोक त्याच्याच कवनांना वन्स मोअर द्यायचे. अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले होते, त्यातलेच हे दोघं. मामाला ओळखीने एका कँटीनमध्ये काम मिळालं. त्या माणसाला नाही मिळालं. बायकोमुलांना गावी पाठवून तो खोलीवर एकटाच राहायचा.

'त्या रात्री त्याने सवाल टाकला. मला जवाब सुचेना. हॉल भरलेला. मग मी त्याच्या चुलीवर बोललो.'

म्हणजे काय, ते त्याने नीट सांगितलं नाही. इतकंच म्हणाला, की ज्याच्या घरी चूल पेटत नाही तो शिवाचं वैभव गातो, असं काहीतरी जमवून त्याने यमकात बसवलं. हॉल खदखदून हसला. कुणीतरी दहाची नोट लावली. तो माणूस खाली बसला तो बसलाच. पुढे गावी आला, शेती केली, म्हातारा होऊन गेला. पण पुन्हा बारीला उभा राहिला नाही.

'मग तू तर जिंकलास. तू का सोडलंस?' मी विचारलं.

'जिंकलो ना. पण पुढची बारी कुणाशी करू? दोन-तीन जणांपुढे उभा राहिलो. त्यांचे सवाल सोपे. जवाब द्यायला डोकंच लागेना. बाय, मला गाता येत होतं ते तो समोर होता म्हणून.' मग टीव्हीकडे हात करून म्हणाला, 'तुम्ही सगळे त्या खाँसाहेबाला हसता. कट्यार मिळाली त्याला. पण पंडित गप्प झाला, मग तो गाणार कुणाशी? उगाच नाही चिडचिड करत.'

दादाने काहीच कमेंट केली नाही. मामी उठून आत गेली आणि पाणी घेऊन आली. तिला हे सगळं आधीपासून माहीत होतं, हे तिच्या चालण्यावरूनच कळलं.

मला त्या रात्री झोप लागली नाही आणि त्याचं कारण फक्त मामा नव्हता. माझ्या लॅपटॉपमध्ये एक परीक्षण तयार होतं, सोमवारची डेडलाइन. एका नव्या गायिकेचा पहिला अल्बम. तयारी कमी होती, हे खरंच होतं. पण मी तेवढ्यावर थांबले नव्हते. तिचा आवाज म्हणजे पावसाळ्यात न वाळलेलं ब्लँकेट, असं एक वाक्य मी लिहिलं होतं आणि त्यावर भलतीच खूश होते. दोन मैत्रिणींना आधीच फॉरवर्डही केलं होतं. दोघींनी भरपूर स्मायली पाठवल्या होत्या. म्हणजे हॉल हसला होता.

तुम्ही म्हणाल, एका वाक्याने कोण गायचं थांबतं? कदाचित नाही थांबत. पण ऑफिसात प्रेझेंटेशनच्या वेळी एखाद्या नवख्याच्या इंग्रजीवर जोक मारणारा आपल्यातलाच कुणी असतो ना? जोकला पैसे पडत नाहीत, टाळी मिळते, आणि तो नवखा पुढच्या मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. आपल्याला वाटतं, आपण जिंकलो. त्याच्याकडे एखादी आपल्यापेक्षा बरी आयडिया होती का, ते मात्र कळायचं राहूनच जातं.

'कट्यार'बद्दल आमच्या घरात अजूनही पाच मतं आहेत. दादासाठी ती बोलणारी सुरीच आहे. वहिनीला अजूनही आलाप कमी वाटतात. माझं मत तेवढं बदललं. खाँसाहेब काळा नाही आणि पांढराही नाही, तो हरायला कंटाळलेला एक गुणी माणूस आहे. असे आपल्या ओळखीत बरेच असतात. कधीकधी आरशातही.

दुसऱ्या दिवशी रेंज शोधत हमरस्त्यापर्यंत चालत गेले. परीक्षणातली तयारीबद्दलची सगळी टीका तशीच ठेवली, कोणती दोन गाणी पुन्हा ऐकावीशी वाटली तेही लिहिलं आणि ब्लँकेट तेवढं काढून टाकलं. संध्याकाळी संपादकांचा फोन आला. 'जरा सपाट झालंय का ग या वेळी?'

'हो, झालंय,' मी म्हटलं. 'पण तिचा दुसरा अल्बम आला की तोही मलाच द्या.'