नळीवरचं नाव

दिल्लीच्या काश्मिरी गेट स्टेशनवर मेट्रोचे तीन मार्ग एकत्र येतात, शेजारीच आंतरराज्य बस अड्डा आहे, आणि तिथल्या माणसाला बहुधा कुठली तरी गाडी गाठायची असते. गाडी गाठायची नसेल, तर सेंट जेम्स चर्चच्या दिशेनं चालत जावं. हे चर्च जेम्स स्किनरनं बांधून घेतलं, १८३६ साली. तोच स्किनर, जो १८०३ पर्यंत शिंद्यांच्या कवायती फौजेत चाकरीला होता आणि मग इंग्रजांकडे गेला. चर्चच्या आसपासच्या बाजारात आता मोटारीच्या सुट्या भागांचं राज्य आहे. गिअरबॉक्स, क्लचप्लेटा, हेडलाइटांच्या राशी. त्यांच्यामध्येच एखादी जुनी पाटी दिसते: गन हाउस.

कॅनॉट प्लेस उभं राहिलं १९३०च्या सुमाराला. त्याआधी दिल्लीतल्या साहेबलोकांचा बाजार म्हणजे काश्मिरी गेट. सूट इथे शिवायचा, केक इथून न्यायचा, बंदूकही इथेच बघायची. शिंपी गेले, केकवाले गेले, बंदूकवाले तेवढे टिकले.

आतला माल मात्र बदलला. काचेच्या कपाटात इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल, बाराबोरची दुनळी, कानपूरचं .३२ रिव्हॉल्वर. गिऱ्हाइकं म्हणजे बँकेचे रखवालदार, सिक्युरिटी एजन्सीचे लोक, गाझियाबाद-बुलंदशहरकडचे जमीनदार. उत्तर प्रदेशात बंदुकीचं वेड किती, तर २०१६ अखेरच्या केंद्रीय गृहखात्याच्या आकडेवारीत देशातल्या सुमारे ३३ लाख ७० हजार परवान्यांपैकी १२ लाख ७७ हजार एकट्या त्या राज्यातले. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढायची तिकडची हौस आणि त्यात गेलेले जीव हा वेगळा आणि संतापजनक विषय आहे.

जुन्या मालाच्या शौकिनाचं लक्ष या नव्या मालाकडे नसतं. मालक वारला, परवाना संपला किंवा वारसांचं एकमत होईना, की बंदूक पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी लागते. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या २१व्या कलमात तशी तरतूद आहे. अशा जमा झालेल्या बंदुकांत शौकिनाचा जीव अडकलेला असतो. त्यांच्या नळ्यांवर नावं असतात ती दुकानांची. मॅन्टन अँड कंपनी, कलकत्ता. आर. बी. रोडा, कलकत्ता. लायन अँड लायन. आर्मी अँड नेव्ही.

ही नावं वाचून भाबडा माणूस समजतो, की बंदूक मॅन्टननं घडवली. पुष्कळदा तसं नसतं. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅममध्ये बंदूक-कारागिरांचा एक अख्खा मोहल्ला होता. कुणी नळ्या घासायचा, कुणी खटका जुळवायचा, कुणी अक्रोडाचा दस्ता तासायचा. जुळणी होऊन जवळजवळ तयार झालेल्या बंदुकीवर नावाची जागा कोरी ठेवत, आणि ज्या दुकानाची मागणी त्याचं नाव तिथे कोरत. शालूवर विणकराचं नाव नसतं, पेढीचं असतं, तसंच हे. आर्मी अँड नेव्हीच्या कितीतरी दुनळ्या प्रत्यक्षात वेब्ली अँड स्कॉटच्या हातच्या. गिऱ्हाइकाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्याचा विश्वास होता दुकानावर, कारण बिघडलेली बंदूक तो परत तिथेच घेऊन जाणार होता.

आर्मी अँड नेव्ही हे तर नमुनेदार उदाहरण. १८७१ साली लंडनमध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी स्वस्तात माल मिळावा म्हणून काढलेली ही सहकारी सोसायटी. १८९१मध्ये तिनं मुंबईत दुकान थाटलं, पुढे कलकत्त्यात. जाडजूड कॅटलॉगमधून घोड्याच्या खोगिरापासून मुरंब्यापर्यंत सगळं मागवता येई, आणि त्यातच शिकारी बंदुका. मुंबईची त्यांची इमारत काळा घोड्याला अजून दिमाखात उभी आहे. आता तिथे वेस्टसाइडमध्ये कुर्ते आणि चादरी मिळतात. कुर्ते चाळणाऱ्यांपैकी किती जण मान वर करून इमारतीचं नाव वाचत असतील, कोण जाणे.

अमेरिकेत हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला. सीअर्सच्या दुकानांतून 'जे. सी. हिगिन्स' आणि नंतर 'टेड विल्यम्स' या नावांनी बंदुका विकल्या जात; माँटगोमेरी वॉर्डचा छाप होता 'वेस्टर्न फील्ड'. बनवणारे सॅव्हेज, मॉसबर्ग, हाय स्टँडर्ड असे दुसरेच. टपालानं बंदूक घरपोच येई. अध्यक्ष केनेडींचा खून ज्या रायफलीनं झाला तीही शिकागोच्या एका दुकानातून टपालानंच मागवलेली होती, आणि १९६८च्या कायद्यानं ही सोय बंद झाली. तिकडचे म्हातारे आज त्या बंदुकांच्या आठवणी काढतात त्या वडिलांबरोबरच्या पहिल्या शिकारीच्या. इथली गोष्ट जरा निराळी आहे. इथे दुकानाची बंदूक विकत घेऊ शकणारा मुळात साहेब, संस्थानिक किंवा बडा जमीनदार. १८७८च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना त्यातून मोकळं सोडलं. नळीवरच्या त्या देखण्या अक्षरांकडे बघताना हा भेद विसरून चालत नाही.

तरीही ती अक्षरं देखणी आहेत, हे खरंच. अशी एक दुनळी हातात घेतली की आधी ती उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत याची खात्री करायची. जाणता दुकानदार ही सवय सोडत नाही. वरची कळ अंगठ्यानं बाजूला सारली की बंदूक मधोमध मोडते. पुढचा लाकडी तुकडा काढला की नळ्या सुट्या होतात. त्या उताण्या करायच्या. वर जिथे दुकानाचं नाव मिरवत होतं, तिथे खाली, दस्त्याकडच्या टोकाला, नळ्यांच्या सपाट पोटावर खरी जन्मपत्रिका असते. मुकुटाखाली बीपी, बीव्ही, एनपी अशी अक्षरं दिसली तर नळ्या बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये तपासल्या गेल्या, आणि तेही १९०४ नंतर. १८१३च्या कायद्यानं स्थापन झालेल्या या संस्थेत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढत. नळी तगली तरच शिक्का. शेजारी चौकटीत १२चा आकडा, म्हणजे बाराबोर. कुठे 'नॉट फॉर बॉल' असं कोरलेलं, म्हणजे या नळीतून एकसंध गोळी मारू नये, छर्रेच वापरावेत. फार जुन्या नळ्यांवर लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडल्याची नागमोडी नक्षी असते, तिला दमास्कस म्हणतात. ती शोभेला उत्तम. आजच्या दारूच्या काडतुसासाठी मात्र भरवशाची नाही.

काडतुसाचाही एक पेच असतो. जुन्या इंग्रजी दुनळ्यांचं काडतूसघर अडीच इंची, आणि आजचं काडतूस बहुधा ७० मिलिमीटरचं, म्हणजे पावणेतीन इंची. ते आत बसतं, आणि धोका त्यातच आहे. उडताना त्याचं तोंड उघडायला जागा अपुरी पडते आणि दाब वाढतो. इथे मराठी माणसाला ओळखीचं एक नाव भेटतं. दिल्लीच्या दुकानातल्या बाराबोर काडतुसांच्या खोक्यावर 'शक्तिमान' लिहिलेलं असतं, आणि ती येतात पुण्याच्या खडकीहून, १८६९ साली सुरू झालेल्या दारूगोळा कारखान्यातून.

.३१५ या विचित्र मापाचीही कथा ऐकण्यासारखी आहे. लष्कराचं .३०३चं काडतूस सामान्य माणसाच्या हाती पडू नये, ही इंग्रजांची धास्ती. म्हणून बीएसए कंपनीनं त्याच धाटणीची रायफल दुसऱ्या मापात, मानलिखरच्या आठ मिलिमीटर काडतुसासाठी, हिंदुस्थानच्या बाजारात आणली. राज्य गेलं, धास्ती वारसाहक्कानं नव्या सरकारकडे आली आणि इशापूरनं तेच माप पुढे चालवलं. .४५०च्या दुनळी रायफलींवर तर १९०७च्या सुमाराला बंदीच आली. सरहद्दीवरच्या बंडखोरांकडे असलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींत त्या गोळ्या वापरल्या जातील, हे कारण. त्यावर इंग्रज कारागिरांनी .४७०, .४६५ अशी मापं काढली आणि ती पुढे जगभर गाजली. सरकारी भीतीतून इतकं सुबक काही निपजल्याची उदाहरणं थोडीच सापडतील.

दुकानाच्या नावाइतकाच महत्त्वाचा नळीवरचा क्रमांक. शिकारी जिम कॉर्बेटनं १९०७मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी सांगितले जातात. संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्याला .२७५ची रिग्बी रायफल भेट दिली आणि दस्त्यावर तशी पट्टी बसवली. ती रायफल लंडनच्या रिग्बीनं १९०५ साली कलकत्त्याच्या मॅन्टनकडे धाडल्याची नोंद कंपनीच्या खातेवहीत आहे. क्रमांक होता, वही जपली होती, म्हणून शंभर वर्षांनंतरही माग लागला. २०१५मध्ये रिग्बीनं ती परत मिळवली आणि पुढच्या वर्षी कुमाऊंच्या डोंगरांत फिरवून आणली.

रोडाच्या वहीनं वेगळंच काम केलं. २६ ऑगस्ट १९१४. रोडा कंपनीचा कारकून शिरीषचंद्र मित्र कस्टममधून २०२ पेट्या सोडवून निघाला. गोदामात पोचल्या १९२. उरलेल्या दहा एका बैलगाडीतून कलकत्त्याच्या गल्ल्यांत गडप झाल्या. आत ५० माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं. शिरीषचंद्र क्रांतिकारकांचा माणूस होता. बंगालमध्ये पुढची काही वर्षं कुठेही माउझर सापडलं की पोलीस क्रमांक पडताळत, कारण रोडाकडे प्रत्येक पिस्तुलाची नोंद होती. बालासोरला १९१५मध्ये क्रांतिकारक बाघा जतीन पोलिसांशी झुंजला तो याच माउझरांनिशी. विकायला आलेल्या मालानं विकणाऱ्यांच्याच राज्याविरुद्ध बार काढले, ही या साऱ्या इतिहासातली सर्वांत समाधान देणारी गोष्ट.

शिकारीची आठवण मात्र इतकी सुखाची नाही. २०१३पासून राजस्थानचा भरतपूर जिल्हाही राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. तिथल्या केवलादेव उद्यानात एका दगडी फलकावर शिकारींचा हिशेब कोरून ठेवला आहे: तारीख, पाहुण्याचं नाव, मारलेले पक्षी. १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लिनलिथगो, ४,२७३. एका दिवसात. बदकांच्या त्या ढिगाऱ्यापुढे नळीवरची सोनेरी अक्षरं फिकी वाटतात. गुरुग्रामजवळच्या सुलतानपूरला हिवाळ्यात दुर्बिणी घेऊन जाणाऱ्या दिल्लीकरांनी भरतपूरचा तो फलकही एकदा वाचून यावा.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा खेळ संपवला आणि योग्यच केलं. कोल्हापूरच्या महाराजांची शिकारीची राखीव जागा असलेल्या राधानगरीच्या दाट जंगलाचं तर त्याआधीच, १९५८ साली, अभयारण्य झालं होतं. नेमबाजीची हौस उरली ती मैदानावर. दिल्लीत तुघलकाबादला १९८२च्या आशियाई खेळांसाठी बांधलेली रेंज आज बिकानेरचे महाराज आणि ऑलिंपिक नेमबाज डॉ. कर्णी सिंह यांच्या नावानं ओळखली जाते. निवड चाचण्यांना तिथे कोल्हापूर-पुण्याची मुलं येतात आणि कँटीनमध्ये अस्सल मराठी कानावर पडतं. त्यांच्या हातातल्या रायफली जर्मन कारखान्यांच्या, ॲल्युमिनियमच्या दस्त्यांच्या. मॅन्टनचं नाव त्यांतल्या बहुतेकांनी ऐकलेलंही नसेल. ऐकण्याची गरजही नाही.

मग या दुनळ्यांचं काय करायचं? नोएडाच्या अरुण विहारात, गुरुग्रामच्या सोसायट्यांत, दक्षिण दिल्लीच्या जुन्या बंगल्यांत निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांची आणि सरदार घराण्यांची घरं आहेत, मराठी आडनावांचीही. लोखंडी कपाटात आजोबांची बंदूक असते, चामड्याच्या पेटीच्या झाकणाला आतून दुकानाचं लेबल चिकटवलेलं. २०१९च्या दुरुस्तीनं परवान्यावरच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. मूळ मसुद्यात तर एकच होती. विरोध झाला म्हणून दोन. ज्यांच्याकडे तीन होत्या त्यांना वर्षभरात एक सोडावी लागली, आणि कुठली सोडायची यावर घराघरांत वाद झाले. नवी, उपयोगाची ठेवायची की जुनी, नावाची? पुष्कळांनी जुनी सोडली. व्यवहाराला धरून असेल, पण ती निवड चुकीची होती. नवी दुकानात कधीही मिळते.

कायद्यात वाट आहे. परवानाधारकाच्या निधनानंतर, किंवा तो हयात असतानाही त्याला सत्तर वर्षं पूर्ण झाली किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडे असली, तर २०१६च्या नियमांनुसार वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. तेव्हा घरात अशी बंदूक असेल तर वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांदेखत कागद करून घ्या. ती भरलेली नाही ना, हे जाणकाराकडून तपासून घ्या. उडवून बघायचा मोह आवरा. नळीवरचं नाव, पोटावरचे शिक्के, क्रमांक आणि पेटीतलं लेबल यांचे स्वच्छ फोटो काढा, आणि ती कुणी, कधी, कुठून घेतली हे आठवणारं माणूस आहे तोवर लिहून ठेवा. ठेवायचीच नसेल तर परवाना अधिकाऱ्यांना विचारून एखाद्या संग्रहालयाला देता येईल का ते बघा. पोलिसांच्या मालखान्याच्या कोपऱ्यात गंजत पडलेल्या नळीवरची अक्षरं पुढे वाचता येत नाहीत.