टेंभुर्णीची पद्मिनी, जालन्याचं भंगार

जाफ्राबाद तालुक्यातलं टेंभुर्णी हे बुलढाणा जिल्ह्याच्या बाजूचं गाव. हिवाळ्यात फजरनंतर गाडी काढली की काचेवर आतून वाफ धरते. आमच्याकडे अब्बांची प्रीमियर पद्मिनी आहे. तिला मागून बसवलेल्या हीटरचा पंखा गेल्या थंडीत बंद पडला. अब्बांना पहाटे दवाखान्यात न्यायचं, तर समोरचं दिसायला हवं.

पद्मिनी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्स्या होत्या तोवर ब्रेक-क्लचचं सामान सहज मिळे. हीटरचं मात्र तेव्हाही कमीच. मुंबईच्या उकाड्यात तो हवा कुणाला?

म्हणून जालना गाठलं. देशभरात इथल्या सळ्या जातात आणि त्या मुख्यतः भंगार वितळवून बनतात. जुन्या गाड्यांचा पत्राही शेवटी भट्टीतच जातो. भंगाराच्या दुकानातले चाचा म्हणाले, "बेटा, गाडीचं नाव सांगून मोटर मिळायची नाही. माप घेऊन ये."

मग ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने आधी फ्यूज आणि अर्थिंग पाहिलं. नंतर मोटर सोडवून थेट 12 व्होल्टच्या बॅटरीला जोडली. तशी फिरली असती, तर दोष स्विचचा किंवा वायरचा. ती फिरलीच नाही. उघडल्यावर कळलं, कार्बन झिजून संपलेत, कम्युटेटर काळा पडलाय. वायंडिंग मात्र शाबूत होतं.

मिक्सरचे कार्बन बसवायला त्याने नकार दिला. ते 230 व्होल्टचे. गाडीच्या मोटरच्या कार्बनमध्ये तांबं मिसळलेलं असतं. त्याने दुसऱ्या 12 व्होल्टच्या मोटरचे थोडे मोठे कार्बन घेतले, पॉलिश पेपरवर घासून खाचेत सैल सरकतील इतके केले, बुशला तेलाचा थेंब दिला. पंखा फिरला, पण फक्त जोरात. हळू वेगाचा रेझिस्टर जळालेला होता. तो चाचांच्या ढिगातल्या एका ब्लोअरचा निघाला.

तेव्हा जुनी गाडी भंगारात देण्याआधी तिची मोटर, स्विच, रेझिस्टर काढून ठेवा. पितळ-तांब्याच्या भावात त्यांची किंमत फार होत नाही. पण कुणाच्या तरी घरी थंडीच्या पहाटे तेच तुकडे लागतात. आणि मोटर जळाली म्हणून फेकण्याआधी कार्बन बघा. फ्यूज उडतो म्हणून त्या जागी तार मात्र कधीच गुंडाळू नका.