किनारा टप्प्यात आला की

बोटीवर जॉइन होताना सोबत पुस्तकं किती न्यायची, हा दर्यावर नोकरी करणाऱ्या वाचकाचा जुना पेच. विमानाची वजनमर्यादा ठरलेली. त्यात थंडीचे कपडे, सर्टिफिकेटांची जाड फाइल, औषधं, घरचं मेतकूट आणि लोणचं. उरलेल्या जागेत चार-पाच पुस्तकं कशीबशी बसायची. कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांचं; बदली माणूस वेळेवर आला नाही तर आणखी लांबायचं. तेव्हा मी एका प्रॉडक्ट टँकरवर थर्ड इंजिनीअर होतो, खलाशांच्या बोलीत 'तीन साब'. दुसरा महिना संपायच्या आत माझी पुस्तकं संपलेली असायची.

मग स्मोकरूममधलं कपाट. प्रत्येक बोटीवर ते असतं आणि आधीच्या लोकांनी मागे ठेवलेली, तेलकट बोटांचे ठसे उमटलेली पुस्तकं त्यात असतात. फिलिपिनो, पोलिश, रशियन माणसं येऊन गेलेली, त्यामुळे निम्मी पुस्तकं मला न कळणाऱ्या भाषांतली. उरलेल्यांत हेरकथा जास्त. 'मिशन टू सीफेअरर्स' ही 1856 पासून नाविकांसाठी काम करणारी संस्था. फ्लाइंग एंजल हे तिचं चिन्ह. तिच्या बंदरांतल्या केंद्रांवर जुनी पुस्तकं मिळतात, तिथूनही पिशवी भरून आणत असे. त्या पुस्तकांचे माझ्यावर उपकार आहेत. पण ती मी निवडलेली नसत. जे हाती लागेल ते वाचायचं, आणि मराठीचं तर नावच नको.

2010 च्या अखेरीस आमची बोट ह्यूस्टनला लागली. नाविकांच्या केंद्राची व्हॅन दुकानांपर्यंत सोडते. शोअर पास खिशात घालून मी उतरलो आणि किंडल, म्हणजे अ‍ॅमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, घेऊन परतलो. त्या वर्षी आलेलं तिसऱ्या पिढीचं, खाली गोल बटणांचा कीबोर्ड असलेलं. नुसत्या वायफायवर चालणारं 139 डॉलरला होतं. मी 189 डॉलरचं घेतलं, कारण त्यात थ्रीजी होतं आणि त्या थ्रीजीला महिन्याचं बिल नव्हतं. सिमकार्ड घालायचं नाही, करार करायचा नाही, रोमिंगची भीती नाही. शंभरावर देशांत मोबाइलच्या टप्प्यात आलं की ते आपोआप जोडलं जायचं आणि पुस्तकाच्या वाहतुकीचा खर्च पुस्तकाच्या किमतीतच धरलेला असायचा. हे सगळं 2007 च्या नोव्हेंबरात फक्त अमेरिकेत सुरू झालं होतं. 2009 च्या ऑक्टोबरात भारतासह इतर देशांत पोचलं. शहरात राहणाऱ्याला ही एक सोय. महिनोन् महिने किनाऱ्यापासून दूर असणाऱ्याला तिचं मोल वेगळं होतं.

चौथा मेट, म्हणजे ब्रिजवरचा ज्युनिअर ऑफिसर, विचारायचा, "तीन साब, यात साडेतीन हजार पुस्तकं मावतात म्हणे?" मावायची. पण साडेतीन हजारांचं मला अप्रूप नव्हतं. एक पुस्तक मिटल्यावर मनात जे नवं कुतूहल जागं होतं, त्याच्या मागे लगेच जाता येणं, हे मला हवं होतं. सहा महिन्यांनी आपल्याला काय वाचावंसं वाटेल, हे घरी बॅग भरताना कोणाला सांगता येईल?

बंदराकडे जाताना मी इंजिन कंट्रोल रूममध्ये असायचो. पायलट चढण्याआधीपासून इंजिन स्टँडबायवर, टेलिग्राफवर सारख्या ऑर्डरी. किंडल वर केबिनमध्ये, पोर्टहोलच्या कडेवर, वायरलेस चालू करून ठेवलेलं. भर समुद्रात वायरलेस बंदच ठेवावं लागे; नाहीतर न सापडणारा सिग्नल शोधण्यात बॅटरी भराभर उतरायची. बंद ठेवलं की एका चार्जवर महिनाभर चालतं असा कंपनीचा दावा होता आणि माझा अनुभव त्याच्या जवळपास जाणारा होता. रॉटरडॅमला दोर बांधून झाले, 'फिनिश्ड विथ इंजिन्स' आलं, की हात धुऊन वर जायचं आणि पाहायचं, काय उतरलंय.

कारण पुस्तकं मी एकटाच मागवत नसे. खातं आम्हा दोघांचं होतं. बायको ठाण्याच्या घरी, संगणकावर तेच खातं उघडून वाचायची. तिने तिकडे एखादं पुस्तक घेऊन माझ्या किंडलच्या नावावर धाडलं, तर ते वाटेत थांबून राहायचं आणि माझा किनारा टप्प्यात आला की उतरायचं. मला न सांगता पाठवलेली पुस्तकं असायची ती. बोटीवर पत्रं यायची बंद झाली होती आणि आजच्यासारखं बोटीवरचं इंटरनेट आलं नव्हतं. सॅटेलाइट फोनचं कार्ड महाग, त्यावर 'सगळं ठीक ना' एवढंच बोलणं व्हायचं.

एकदा तिने कॉनरॅडची 'टायफून' पाठवली. 1902 ची कथा, स्वामित्वहक्क केव्हाच संपलेले, त्यामुळे फुकट. कॉनरॅड स्वतः ब्रिटिश व्यापारी बोटींवर होता, कप्तानाचं सर्टिफिकेट मिळवलेला. समुद्रकथा बहुतेक ब्रिजवरून लिहिलेल्या असतात. इंजिन रूम म्हणजे खालून येणारा आवाज, एवढंच. या माणसाने वाचकाला खाली नेलं आहे. वादळात लोखंडी शिड्यांना धरून उभे असलेले लोक, भट्टीपुढे कोळसा ओढणारे, आणि सॉलोमन राऊट नावाचा चीफ इंजिनीअर. वाचताना मला आमच्या चीफचा, 'बडा साब'चा, तेलाने चकाकणारा चेहरा दिसत होता.

पुस्तक उघडलं तेव्हा त्यात आधीच खुणा होत्या. तिने ठाण्यात अधोरेखित केलेल्या ओळी माझ्या पडद्यावर, आणि काही ठिकाणी टिपणं. देवनागरी टंकायची सोय नव्हती, म्हणून रोमन लिपीतलं मराठी. इंजिन रूमच्या पानांवर तिने विचारलं होतं: तुमच्याकडेही असंच असतं का? इंजिन बंद पडलं तर बोटीचं काय होतं? तू हे कधी सांगितलं नाहीस.

खरंच सांगितलं नव्हतं. सुट्टीवर आलेला माणूस वादळं सांगत बसत नाही. घरच्यांना पुढच्या वेळी झोप लागायची नाही. पण पुस्तकाच्या समासात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं मला जमलं. त्या बारीक गोल बटणांवर, लोळणाऱ्या बोटीत, बंकच्या कडेला गुडघे रोवून मी लिहीत गेलो. इंजिन थांबलं तर बोट लाटांना आडवी होते. म्हणून आम्ही थांबू देत नाही. राऊटची बायको नवऱ्याची पत्रं त्याच्या म्हाताऱ्या आईला मोठ्याने वाचून दाखवते, असं त्या कथेत आहे. तिथे मी लिहिलं, की हे आईला वाचून दाखवू नकोस. पुढचा किनारा ब्राझीलमधलं सांतोस. तिथे माझी उत्तरं वर गेली, तिची नवी टिपणं खाली आली. दोघांतला जो पुढे वाचत गेला असेल त्याच्या पानावर जायचं का, असंही ते यंत्र विचारायचं. त्यामुळे ती कुठवर पोचली ते मला कळायचं आणि मी रेंगाळलो आहे हे तिला. लग्नानंतरच्या त्या वर्षांत आम्ही एकमेकांशी जे बोललो, त्यातलं बरंचसं असं दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या पानांवर आहे.

इंजिनीअर म्हणून मला त्या पडद्याचंही फार कौतुक वाटत आलं आहे. तो बनवणारी ई-इंक ही कंपनी 1997 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या संशोधनातून निघाली. पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. त्यांतल्या पारदर्शक द्रवात पांढरे आणि काळे कण तरंगतात, दोघांवर परस्परविरुद्ध विद्युतभार. खालून जसा भार द्यावा तसे पांढरे किंवा काळे कण वर येतात आणि तिथेच राहतात. वीज लागते ती फक्त पान बदलताना. यंत्र बंद केलं तरी पडद्यावर लेखकाचं चित्र तसंच. आमचा ऑइलर विचारायचा, हा फोटो बंद कसा होत नाही? त्याला मी कागदावर कुप्या काढून समजावलं होतं. पडदा स्वतः उजेड फेकत नाही, छापील पानासारखा आजूबाजूचा उजेड परतवतो. टँकरच्या डेकवर असली उपकरणं न्यायला बंदी, त्यामुळे उन्हातलं वाचन सुट्टीत, रत्नागिरीच्या घराच्या अंगणात. भर दुपारी मोबाइलचा पडदा काळा पडतो तेव्हा हा जास्तच स्वच्छ दिसतो. आणि पान उलटायची बटणं दोन्ही कडांना होती. बोट लोळत असताना एका हाताने बंकची कड धरायची आणि दुसऱ्या हातात 247 ग्रॅमचं पुस्तक, त्याच हाताच्या अंगठ्याने पान उलटायचं. नंतरच्या मॉडेलांतून ही बटणं गेली, याचं मला वाईट वाटतं. स्पर्शाच्या पडद्याला ओला किंवा ग्रीसचा हात चालत नाही.

मराठीचे मात्र तेव्हा हालच होते. देवनागरी फाइल टाकली की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन, नाहीतर जोडाक्षरं फुटलेली. पीडीएफ दिसायची, पण मोठ्या कागदासाठी रचलेलं पान सहा इंचांत कोंबलं की काना-मात्रा दिसेनात आणि अक्षर मोठं करायची सोय पीडीएफला लागू नाही. यंत्र आडवं धरून अर्धं-अर्धं पान सरकवत मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचून काढली आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो. लक्ष्मीबाई 1936 मध्ये गेल्या, साने गुरुजी 1950 मध्ये. त्यामुळे जुनं मराठी वाङ्मय मोकळं होतं, पण आपली फाइल थ्रीजीवरून मागवली तर अमेरिकेबाहेर मेगाबाइटमागे 99 सेंट पडायचे. स्कॅन केलेली जाड पुस्तकं तशी मागवणं परवडत नसे. ती मी घरूनच भरून नेत असे.

2016 च्या डिसेंबरात किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषा आल्या. तोवर माझ्याकडे किंडलचं पेपरव्हाइट मॉडेल होतं, इंचाला 300 ठिपक्यांचं. पहिल्याचे 167 होते. बारीक टायपातला अनुस्वारही ठसठशीत. अक्षर हवं तेवढं मोठं करून, वाक्य आपोआप खालच्या ओळीत वळत असलेलं, मराठी कादंबरीचं पान मी केबिनमध्ये पहिल्यांदा पाहिलं तेव्हा किती तरी वेळ नुसती पानंच उलटत बसलो होतो.

एक गोष्ट मात्र मला पटलेली नाही. विकत घेतलेलं पुस्तक खरोखर कोणाचं? 2009 च्या जुलैत अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलची दोन पुस्तकं, '1984' आणि 'अ‍ॅनिमल फार्म', हक्कांच्या वादावरून लोकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली. मग प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. 2025 च्या फेब्रुवारीत खरेदी केलेली पुस्तकं संगणकावर उतरवून घ्यायची सोयही त्यांनी बंद केली. बोटीवर आम्ही किनाऱ्यावरच्या गोदामातल्या स्पेअरवर विसंबत नाही; पार्ट आपल्या स्टोअरमध्ये हवा. म्हणून आता मी शक्यतो कुलूप नसलेल्या ईपब फाइली घेतो आणि 'कॅलिबर'मध्ये लावून ठेवतो. कोविद गोयल या भारतीय माणसाने 2006 मध्ये सोनीच्या रीडरसाठी लिहायला घेतलेली ही प्रणाली जगभरचे वाचक फुकट वापरतात. तिचं ऋण मोठं आहे.

ते फुकटचं थ्रीजीही संपलं. अमेरिकेतल्या कंपन्यांनी जुनी नेटवर्क बंद केली तेव्हा, 2021 च्या अखेरीपासून, तिथली जुनी किंडलं मुकी झाली आणि त्या वर्षीच्या नव्या पेपरव्हाइटला मोबाइल नेटवर्कचा पर्यायच नव्हता. बोटींवर उपग्रहाचं वेगवान इंटरनेट आलं आहे. मेसरूममध्ये जेवताना प्रत्येकाच्या हातात फोन असतो आणि घर जवळ आलं हे चांगलंच झालं. पण फोनवर पुस्तक उघडलं की वर निरोप टपकत राहतात. मी वॉच संपल्यावर फोन ड्रॉवरमध्ये टाकतो आणि फक्त पुस्तकच दाखवणारं यंत्र हातात घेतो.

सध्याच्या बोटीवर वेंगुर्ल्याचा एक कॅडेट आहे. त्याने एकदा संकोचत विचारलं, "सर, यात मराठी पण आहे?" दिलं त्याला. दोन पुस्तकं झटक्यात वाचली आणि तिसऱ्याचं नाव सांगितलं, शाळेत अर्धवट राहिलेल्या एका कोकणी पार्श्वभूमीच्या कादंबरीचं. ती ई-बुकमध्ये नव्हती. प्रकाशकांना मी मेल केला. उत्तर आलं की मजकूर संगणकावर आहे, पण श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये. युनिकोडमध्ये आणला की 'दुसऱ्या'तल्या र-चा रफार होतो, जोडाक्षरं सुटतात, आणि पुन्हा मुद्रितशोधन करायला माणूस नाही. मराठीतली कितीतरी पुस्तकं याच कारणाने अडकून पडली आहेत. मी कळवलं, आमच्याकडे दोन माणसं आहेत, रात्रीचा वेळ आहे, फाइल पाठवा. त्यांनी खरंच पाठवायला सुरुवात केली, एकेक प्रकरण. पाचवं परवा रात्री हिंदी महासागरात असताना आलं आणि कॅडेटने न्याहारीच्या आत पहिल्या पानावरचे तीन रफार धरले.