गळाची काठी

मराठीत मासे धरण्याच्या साधनाला गळ म्हणतात आणि भाषा तिथेच थांबते. मोल्सवर्थच्या कोशात 'गळ' म्हणजे मासे धरण्याचा आकडा. आकड्याला बांधलेला दोरा आणि दोरा जिच्या टोकाला असतो ती काठी, ही दोन्ही बोलताना आकड्याच्याच नावाखाली जातात. फार तर 'गळाची काठी' म्हणायचे, म्हणजे पुन्हा षष्ठी विभक्तीचा आधार आलाच. 'गळाला लागणे', 'गळ टाकणे' हे वाक्प्रचार निवडणुकीच्या बातम्यांपासून सोयरिकीच्या गप्पांपर्यंत सर्वत्र सुखाने नांदतात, पण काठीवरून झालेला एकही वाक्प्रचार आम्हांस आठवत नाही. संतवाङ्मयातला मासाही आमिष आणि गळ या दोनच गोष्टी ओळखतो. विषयलोभाचा दृष्टांत द्यायला तेवढे पुरते. आकडा पाण्यात कोणी सोडला, त्याच्या हातात काय होते, ते त्याने घरी कुठे ठेवले, हे प्रश्न दृष्टांताला पडत नाहीत.

इंग्रजीत याच्या उलट घडले. आयझॅक वॉल्टनचा 'द कम्प्लीट अँग्लर' हा ग्रंथ १६५३ सालचा, आणि तेव्हापासून या छंदाभोवती तिकडे एक स्वतंत्र वाङ्मयच उभे राहिले. एकोणिसाव्या शतकात मद्रास इलाख्यात मुलकी अधिकारी असलेल्या हेन्री सलिव्हन टॉमसने हिंदुस्थानातील नद्यांवर पुस्तक लिहिले (१८७३), त्याचे नावच 'द रॉड इन इंडिया'. काठी थेट शीर्षकात आली. ज्यांनी ती हौसेने धरली त्यांनी तिच्यावर ग्रंथ लिहिले, आणि ज्यांनी पोटासाठी धरली त्यांना लिहिण्याचे काम कोणी दिले नाही, असा याचा एक अर्थ लावता येईल. तो अगदीच चुकीचा नसावा.

हे कोशातले कुतूहल आम्हांस आधीपासून होते असे नाही. आम्ही तिघे एकाच महाविद्यालयात शिकवतो. आमच्यापैकी एकाच्या घरी शेतीसाठी घेतलेला पिकअप आहे. त्याच्या हौद्यावर लोखंडी कमानी आणि कमानींवर ताडपत्री. हंगामात तो कापूस आणि सोयाबीन वाहतो, खताच्या गोण्या आणतो. उरलेल्या काळात, महिन्यातून एखादा रविवार, तो आम्हांस जिंतूरमार्गे येलदरीला नेतो. पूर्णा नदीवरचे हे धरण १९६८ साली पूर्ण झाले. जलाशयाच्या कडेला, आधी रीतसर विचारून, आम्ही गळ टाकून बसतो. विचारावे लागते, कारण असे जलाशय मासेमारीसाठी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. पाण्यात बीज त्यांनी सोडलेले असते आणि मासाही त्यांचाच असतो. थर्माकोलच्या तराफ्यावर उकिडवा बसून तंगुसाचे जाळे ओढणाऱ्या माणसासमोर आपण रीळ लावलेली काठी घेऊन हौसेने बसलो आहोत, ही जाणीव पहिल्या अर्ध्या तासात तरी सुटत नाही. मग कटला किंवा चिलापी दोरा ओढते आणि ती सुटते.

असो. प्रश्न काठ्यांचा होता. हौदा आठ-नऊ फूट लांब. त्यात जॅक, स्टेपनी, दोरखंड, एखादे फावडे आणि मागच्या खेपेतल्या सरकीचे दाणे. या सामानात बोटापेक्षा बारीक होत गेलेली साडेसहा फुटांची काठी नुसती टाकून देणे म्हणजे तिला जिंतूर रस्त्याच्या स्वाधीन करणे. काचतंतूची काठी बरेच सोसते. कार्बनतंतूची काठी मात्र विलक्षण मानी असते. पाण्यात दहा किलोचा ताण ती वाकून पेलेल, पण जॅकची कड तिच्या अंगावर एकदा जोरात आपटली तर वरून दिसणार नाही अशी चीर पडते, आणि पुढे कधीतरी, अगदी लहानशा माशावर, ती तिथेच कटकन तुटते. तेव्हा माणसे माशाला किंवा कंपनीला दोष देतात.

आम्ही जी व्यवस्था केली ती साधी आहे. नळदुरुस्तीच्या दुकानातून तीन इंची पीव्हीसीचे पाइप आणले. काठ्यांचे दोन-दोन तुकडे सुटे करून, प्रत्येक तुकडा जुन्या सुती कापडाच्या पिशवीत घालून, एका पाइपात दोन काठ्या. टोपणाला आतून फोमची चकती, म्हणजे टोक टेकले तरी दुखावत नाही. मागच्या टोपणाला बारीक भोके, कारण ओली काठी बंद नळीत कोंडली की कड्यांना गंज चढतो आणि बुचाच्या मुठीला बुरशी येते. हे पाइप हौद्याच्या तळाशी ठेवायचे नाहीत. ते वर, कमानींच्या आतल्या बाजूला, रबरी पट्ट्यांनी टांगायचे, मुठी फाळक्याकडे आणि टोके केबिनकडे करून. फाळका आपटला, गोणी सरकली, कोणी पाय देऊन वर चढले, तर धक्का मुठीला बसावा. रिळे काढून वेगळ्या डब्यात, दोरा सैल करून. आकडे तर काठीला लावलेले कधीच ठेवायचे नाहीत. ताडपत्रीत अडकलेला आकडा काढण्यात आणि बोटात रुतलेला आकडा काढण्यात फरक फक्त आवाजाचा असतो.

उन्हाचा विचार यापेक्षा अधिक करावा लागला. परभणीचा मे महिना बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा, आणि उभ्या वाहनात ताडपत्रीखाली त्याहून कितीतरी अधिक. तंगूस उन्हात ठेवला की त्याचा जोर जातो, हे जाळी विणणाऱ्या कोणत्याही घरात लहान मुलालाही माहीत असते. काठीची कडी ज्या डिंकाने बसवलेली असतात तो अशा उष्णतेत सैल पडू शकतो. म्हणून आमचा नियम असा, की वाहन हे काठीचे वाहन आहे, घर नव्हे. संध्याकाळी परतल्यावर पाइप खोलीत येतात. हेमिंग्वेच्या कादंबरिकेतला म्हातारा, ज्याला पु. ल. देशपांड्यांनी १९६५ साली 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणले, तोही रोज आपले शीड आणि जड दोर घरी नेतो. चोरीची भीती नसतेच, पण दव वाईट. वर्गात तो प्रसंग शिकवताना आम्ही म्हाताऱ्याच्या एकाकीपणावर बोलत आलो. दवावर बोललो नाही, आणि मुलांनीही कधी विचारले नाही.

इथे थोडे विषयांतर करतो, पण ते मराठीच्या अभ्यासकांसाठी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' आपण सारे एका कारणासाठी ओळखतो. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. ओवीच्या इतिहासाचा धडा तिथून सुरू होतो आणि परीक्षेत त्यावर हमखास टीप येते. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये श्रीगोंदेकरांनी या ग्रंथाची आवृत्ती काढली. त्याच ग्रंथाच्या विनोदविंशतीत 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरण आहे. मासे कोणते, समुद्राचे कोणते नि नदीचे कोणते, खवल्यांचे कोणते नि बिनखवल्यांचे कोणते, कोणत्या माशाला काय खाऊ घालावे, आणि गळाने त्याला कसे धरावे, हे सारे राजाच्या करमणुकीचा एक प्रकार म्हणून शास्त्रोक्त सांगितले आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर या प्रकरणाचा अभ्यास करून ते शास्त्रज्ञांपुढे ठेवले. आपल्या क्रमिक पुस्तकांनी मात्र त्यातली ओवी तेवढी उचलली. वॉल्टनच्या आधी पाचशे वर्षे, आजच्या मराठवाड्याला लागून असलेल्या राजधानीत, गळ टाकण्यावर शास्त्र लिहिले गेले होते. तेव्हा 'ही साहेबाची हौस' असे जे आम्हांस स्टाफरूममध्ये ऐकावे लागते, त्याला निदान एक तळटीप जोडता येते. अर्थात तीही राजाचीच हौस होती. भोयाचे घर त्या प्रकरणात नाही.

भोयाचे घर आम्ही पाहिले ते गंगाखेडच्या अलीकडे, गोदावरीच्या काठी. घरधनी सत्तरीपुढचे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. गोदावरी पूर्वीसारखी वाहत नाही. ढालेगाव, मुद्गल, दिग्रस असे बंधारे झाले, पाणी टप्प्याटप्प्याने अडले आणि मधल्या पात्रात उन्हाळ्यात खडक उघडे पडतात. मामांचा मुलगा पिकअपच चालवतो, भाड्याने. मामांच्या गळाची काठी मात्र पत्र्याच्या खाली, आढ्याला समांतर, दोन खुंट्यांवर आडवी होती. कळकाची, एकसंध, मोजली तर तेरा फूट भरली. वर्षानुवर्षे चुलीचा धूर खाऊन तिचा रंग जुन्या पोथीच्या पुठ्ठ्यासारखा झालेला. आम्ही तिच्याकडे पाहत राहिलो आणि मामा आमच्याकडे.

कळक कधी तोडावा, हे त्यांनी सांगितले: पावसाळा सरल्यावर, थंडीत, अंधाऱ्या पाखात. कोवळा नको, तीन पावसाळे पाहिलेला हवा. पावसाळ्यात तोडलेल्या कळकाला भुंगा लवकर लागतो. याला शास्त्राचा आधार आहे, कारण कळकातल्या पिठूळ अंशावर कीड पोसते आणि तो अंश थंडीत कमी असतो. अंधाऱ्या पाखाबद्दल आम्ही मत देत नाही. तोडल्यावर उभा टेकवायचा नाही, आडवा ठेवायचा, नाहीतर स्वतःच्याच वजनाने बाक येतो. मग चुलीवर, धुरात. वर्षातून दोनदा जवसाचे तेल. ठेवताना खुंट्या दोनच, टोकांपासून हातभर आत. तीन खुंट्या केल्या की एक खोटी पडते, असे ते म्हणाले. गोदामशास्त्रावरच्या कोणत्याही पुस्तकात हे वाक्य शोभले असते.

आमची पाइपांची व्यवस्था त्यांनी हौद्यात डोकावून पाहिली. "ह्ये तर बंदुकीवानी ठिवलंय की तुमी, सर," एवढेच बोलले. हसले नाहीत.

काठी त्यांनी आम्हांस देऊ केली. मुलाला नको होती, घराचा पत्रा बदलायचा होता, खुंट्या निघणार होत्या. आता पेच असा, की तेरा फुटांची काठी नऊ फुटांच्या हौद्यात कशी जाईल? आमच्यातल्या एकाने, जो भाषाशास्त्र शिकवतो पण ज्याला गणिताची हौस आहे, तिथेच हिशेब केला. हौदा नऊ फूट लांब, साडेपाच रुंद, कमानीपर्यंत पाच उंच. खालच्या एका कोपऱ्यातून वरच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी धरली तरी पावणेबारा फुटांच्या आतच. काठी सव्वा फूट बाहेर येणार. फाळक्याबाहेर डोकावणाऱ्या टोकाला लाल फडके बांधून गावे ओलांडणारी वाहने आपण रोज पाहतो. मागच्या मोटारसायकलवाल्याला ते फडके रात्री दिसत नाही, हेही आपण वर्तमानपत्रात वाचतो. ते नको होते. टपावर बांधावी तर वाटेत शेतांवरून लोंबलेल्या विजेच्या तारा. काठी कार्बनची असो की ओल्या कळकाची, तारेखाली उंच धरणे म्हणजे जिवाशी गाठ.

उरला तो मार्ग कापण्याचा. दोन तुकडे करायचे आणि पितळी नळीने सांधायचे. हे बोलून दाखवताना आम्ही तिघेही अवघडलो. परंपरा, अखंडता, वारसा असे जे शब्द आम्ही प्रबंधांच्या प्रस्तावनांतून वर्षानुवर्षे तपासत आलो, ते सगळे त्या क्षणी आढ्याखाली गर्दी करून उभे राहिले. आमच्यातला एक तर म्हणाला, की नकोच, ती भिंतीवर लावू, विभागात, नावाची पाटी करून.

मामांना पाटीचे काही कळले नाही, किंवा कळले असावे. म्हणाले, "कापा की. कळक हाय त्यो, देव न्हाई. भितीला लावून काय मासं येनार हायेत का?"

आणि कुठे कापायचे हेही त्यांनीच दाखवले. गाठीवर नाही, गाठ सोडून चार बोटे वर, सरळ पेरात. करवत लावण्याआधी दोन्ही अंगांना मेणकापडाचा दोरा घट्ट गुंडाळायचा, नाहीतर कळक उभा चिरतो. कापल्यावर दोन्ही कडांना पुन्हा दोरा, त्यावर लाख. जाड बाजू पाच फूट, बारीक बाजू आठ. मधोमध कापली असती तर सांधा नेमका तिथे आला असता जिथे काठी सर्वांत अधिक वाकते, आणि त्या जागी ती लाकडासारखी ताठ राहिली असती. पितळी नळी परभणीत एका भांडी डागणाऱ्याने करून दिली. मूळ काठीत नसलेली ही एकच वस्तू आहे.

बांबूच्या काठ्यांचा जगभरातला इतिहास पाहिला तर कापण्याचे इतके वाईट वाटायचे कारण नव्हते. पाश्चात्त्य कारागीर चीनमधल्या टोन्किन जातीच्या बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या चिरून, त्या पुन्हा चिकटवून, सांध्यांच्या काठ्या करीत. १९५० नंतर अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली, हा बांबू मिळेनासा झाला आणि त्याच सुमारास काचतंतूने बाजार घेतला. एका युद्धाने काठीचा पदार्थच बदलला. आमच्या काठीला बाजार कधी नव्हताच, त्यामुळे तिच्यावर बंदी घालण्याचे कोणाला सुचले नाही.

आठ फुटांच्या तुकड्यासाठी नवा लांब पाइप घ्यावा लागला. तो कमानींना टांगताना दोनच पट्ट्या वापरल्या, टोकांपासून हातभर आत. घरी आणल्यावर मात्र एक अडचण उभी राहते. आमच्यापैकी कोणाकडेच चूल नाही. गॅसच्या शेगडीला धूर नसतो आणि धुराविना कळकाला भुंगा लागतो की नाही हे दोन पावसाळ्यांनी कळेल. सध्या महिन्यातून एकदा ती काठी शेतावरच्या सालगड्याच्या घरी जाते. तिथे सकाळी तुराट्या आणि पऱ्हाट्या जळतात. दोन रात्री आढ्याखाली राहून ती परत येते, तेव्हा स्टाफरूममध्ये धुराचा वास येतो आणि इतिहासाचे सहकारी खिडकी उघडतात.